तंबोरा गाडीत घुमतो, स्टुडिओत मात्र पातळ. मॉनिटर स्पीकरच्या मागची बटणं कुठे ठेवू?

गावभागचा_तंबोरा | सोमवार, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. सांगलीत गावभागात घराच्या माडीवर माझा छोटा स्टुडिओ आहे. आधी तळमजल्यावर होता. २०१९ च्या महापुरात पाणी आत आलं, तेव्हापासून सगळं वर हलवलं. काम बहुतेक शास्त्रीय गायन, भजन, अधूनमधून नाट्यगीतं. रेकॉर्डिंग शेजारच्या मोठ्या खोलीत होतं, मिक्सिंग या खोलीत. खोली १४ फूट बाय १० फूट, वर लाकडी तक्तपोशी, उंची जेमतेम ८ फूट. टेबल १० फुटी भिंतीकडे तोंड करून. मॉनिटर यामाहा एचएस ८.

अडचण अशी. आमच्या बुवांचं गाणं रेकॉर्ड केलं की इथे ऐकताना तंबोऱ्याचा खर्ज लागतच नाही. तार छेडलेली कळते, पण तिला पोट नाही. म्हणून मी ७० हर्ट्झच्या आसपास ६ डीबी चढवतो, मग इथे झकास वाटतं. तीच फाईल बुवा गाडीत लावतात आणि मला फोन येतो, "अहो, तंबोरा वाजतोय का पिठाची गिरणी?" परवाच्या भजनात तर डग्गासुद्धा इतका फुगला की टाळ कुठे गेले ते कळेना.

गंमत अशी की ही तक्रार फक्त पुरुष गायकांच्या वेळी येते. बाई गायल्या की काही अडचण नाही. तेच माइक, तीच खोली, मीही तोच.

मॉनिटरच्या मागे रूम कंट्रोल म्हणून बटण आहे: ०, -२, -४. दुसरं हाय ट्रिम, वरच्या सुरांसाठी: +२, ०, -२. सध्या पहिलं ०, दुसरं +२. रूम कंट्रोल खाली केला की खर्ज आणखी जातो. मग हे बटण दिलंय तरी कशाला?

भडंगप्रेमी | सोमवार, रात्री ११:५८

गाडी बदला. बुवांची.

कराडकर_बेसवाला | मंगळवार, सकाळी ७:१०

सरळ १० इंची सब (सबवूफर, फक्त खालच्या आवाजाचा स्पीकर) घे आणि मोकळा हो. एवढ्याशा खोलीत दोन डब्यांकडून किती अपेक्षा करायची राव.

मिरजेची_जवारी | मंगळवार, सकाळी ९:३०

तंबोरादादा, आमचं घर वाद्यं बनवणाऱ्यांचं, त्यामुळे मॉनिटरबद्दल नाही, तारेबद्दल बोलते. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून प्रत्येक तंबोरा निर्दोष ठरत नाही. पण इथे वाद्याचा दोष वाटत नाही, कारण तो असता तर गाडीत खर्ज आला कुठून?

बुवा काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून) गात असणार. काळी एकचा षड्ज म्हणजे साधारण १३८.६ हर्ट्झ. खर्जाची पितळी तार त्याच्या बरोबर निम्म्यावर, म्हणजे ६९.३. बाई काळी चारमध्ये गात असतील तर त्यांचा खर्ज १०४ च्या आसपास येतो. तुमचं भांडण ७० शी आहे, १०४ शी नाही. ७० जवळच काहीतरी आहे तुमच्या खोलीत.

आणखी एक. खर्जाच्या तारेतला मूळ सूर तसा नाजूकच असतो. जवारी (घोडीवर तार घासून येणारा झंकार) नीट लागली की वरचे स्वरांश, म्हणजे त्याच तारेतले उंच सूर, फुलतात आणि त्यावरून कानाला खर्ज भरल्यासारखा वाटतो. तुम्ही ७० ला ६ डीबी दिले की तंबोऱ्यापेक्षा डग्गा आणि माइकच्या स्टँडची धडधडच जास्त वर येणार. गिरणी तिथून येतेय.

भडंगप्रेमी | मंगळवार, सकाळी ९:४१

ताईंनी बिनमीटरचं मोजलं. आता बोला.

व्हीयूमीटर_काका | मंगळवार, दुपारी २:१५

जवारीताईंनी निम्मं काम केलंय. तंबोऱ्या, बटणाला हात लावू नकोस. आधी चार गोष्टी सांग. स्पीकरचा पुढचा पडदा मागच्या भिंतीपासून किती अंतरावर? तू बसतोस कुठे, त्याच भिंतीपासून मोजून. दोन्ही स्पीकरचे लेव्हल नॉब कुठे आहेत? आणि मिक्स करताना आवाज किती ठेवतोस, अन् केव्हा करतोस?

टेपने मोजून सांग. "साधारण" नको.

गावभागचा_तंबोरा | मंगळवार, रात्री १०:२०

मोजलं काका. पुढच्या पडद्यापासून मागची भिंत बरोबर ४ फूट. एका व्हिडिओत सांगितलं होतं की भिंतीपासून जितकं लांब तितकं चांगलं, म्हणून ओढून घेतले होते. मी त्यांच्यापुढे साडेतीन फुटांवर, म्हणजे भिंतीपासून साडेसात. डावा नॉब मधल्या खटक्यावर, उजवा जरा पुढे, कारण उजवीकडून कमी यायचं. मिक्सिंग रात्री, घरचे झोपल्यावर, हळू आवाजात. हाय ट्रिम +२ ठेवलाय कारण भिंतीला २ इंची फोम लावल्यापासून सगळं मंद वाटायला लागलं.

व्हीयूमीटर_काका | बुधवार, सकाळी ११:०५

४ फूट! तिथेच तुझा खर्ज गेलाय.

नीट समजून घे. उंच सूर स्पीकरमधून बऱ्यापैकी सरळ पुढे येतात, पण ७० हर्ट्झसारखा खालचा आवाज चारी बाजूंना पसरतो. त्यातला काही मागे जातो, भिंतीला आपटतो आणि परत येऊन समोरून निघालेल्या आवाजात मिसळतो. जाऊन येऊन त्याला अंतर पडतं ८ फूट. आवाज सेकंदाला सुमारे ११२५ फूट जातो, म्हणजे ७० हर्ट्झची एक लाट १६ फुटांची. ८ फूट म्हणजे बरोबर अर्धी लाट. समोरचा आवाज पुढे ढकलतोय तेव्हा भिंतीवरून आलेला मागे ओढतोय. दोघांनी मिळून एकमेकांना खाल्लं.

हा खड्डा कुठल्या सुरावर पडेल त्याचा हिशेब सोपा आहे. ११२५ ला अंतराच्या चौपटीने भाग. ४ फुटांना ७०. ३ फुटांना ९४. २ फुटांना १४१. बाईंचा १०४ तुझ्या खड्ड्याच्या पलीकडे राहिला म्हणून वाचला. व्हिडिओवाल्याची खोली मोठी असेल. तिथे ८-१० फूट ओढले की खड्डा २८-३५ हर्ट्झवर जातो आणि कुणाचं काही अडत नाही. आपल्या माड्यांमध्ये अर्धवट ओढलं की तो नेमका गाण्यात येऊन बसतो.

त्यात दुसरं. तू बसलास १४ फुटांत साडेसातवर, म्हणजे जवळपास मध्यात. समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज घुमतो ना, त्यातल्या लांबीच्या पहिल्या घुमीचा ४० हर्ट्झ तिथे मरतो आणि दुसरीचा ८० तिथेच फुगतो. ७० गायब आणि ८० डोक्यावर, अशा जागी बसून खालच्या आवाजाचा निवाडा करू नये. तिसरं म्हणजे उंची. ८ फुटी छताची पहिली घूम पुन्हा ७० चीच, आणि तुझे कान आणि स्पीकर दोन्ही तिच्या मध्यावर, म्हणजे ती तुला ऐकूच येणार नाही. लाकडी तक्तपोशी थोडा आवाज पिते आणि थोडा वर सोडते, हे तुझं नशीब. स्लॅब असता तर याहून वाईट.

खात्री करून घे. ७० हर्ट्झचा सरळ सूर लाव. खुर्ची पुढे-मागे सरकव. उभा राहा. मग स्पीकर एक फूट मागे ढकलून परत ऐक. खुर्ची हलवून फरक पडला तर खोलीची घूम. स्पीकर हलवून पडला तर मागची भिंत.

आता बटणाचं. रूम कंट्रोल ५०० हर्ट्झच्या खालचं सगळं एकसारखं २ किंवा ४ डीबी उतरवतो. तो खड्डा भरायला नाहीच. स्पीकर भिंतीजवळ गेला की खालचा आवाज फुगतो, कोपऱ्यात गेला की आणखी. ती सूज उतरवायला ते बटण दिलंय. तू स्पीकर लांब ओढलेस आणि मग सूज नसलेल्या माणसाला गोळी दिलीस. तो अशक्त होणारच.

म्हणून उलटं कर. भिंतीवर ४ इंची रॉकवूलचं (दगडी लोकरीचं) पॅनल, त्यापुढे ४ इंच मोकळी जागा, कारण एचएस ८ चं भोक मागे आहे, ते बुजवायचं नाही. मग स्पीकर. तो पुढून मागे १३ इंच. पुढचा पडदा भिंतीपासून २१ इंचांवर येईल आणि खड्डा १६० च्या आसपास सरकेल. ७० ला ४ इंची रॉकवूल जवळपास काहीच करत नाही, १६० ला बऱ्यापैकी पकडतं. तू साडेतीन फुटांवरच बसलास तर भिंतीपासून सव्वापाच फुटांवर येशील, १४ फुटांच्या ३८ टक्क्यांवर. सुरुवातीला ती जागा चांगली.

मग रूम कंट्रोल -२. ट्रिम ०. आणि तो फोम निम्मा काढ. २ इंची फोम वरचे सूर खातो, खाली काहीच करत नाही. तो लावून वर +२ देणं म्हणजे आधी भाजीत मीठ जास्त टाकायचं आणि मग गूळ.

अजिंक्यतारा_७ | बुधवार, रात्री ८:४०

काकांशी सहमत, पण साताऱ्याहून दोन शंका. पहिली, रात्री हळू आवाजात मिक्स करणं हेही तितकंच मोठं कारण नाही का? फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलंय की आवाज कमी असला की कान खालचे सूर जास्त सोडतो. दुसरी, एवढी हलवाहलव कशाला? मोजणीचा माइक आणायचा, रूम ईक्यू विझार्ड हे मोजणीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यातून फिल्टर काढायचा आणि ७० ला ८-१० डीबी उचलायचे.

व्हीयूमीटर_काका | गुरुवार, सकाळी १०:३०

पहिली शंका रास्त. हळू आवाजात कुणीही खाली चढवतो. पण तेवढंच असतं तर बाईंचा १०४ सुद्धा थोडाफार गेला असता, तो याला जाणवला तरी असता. दोन्ही कारणं आहेत, मोठं भिंतीचं.

दुसरी नाही पटत. खड्ड्यात तू जितका आवाज ओतशील तितकाच भिंतीवरूनही परत येणार. तो वाढला तर हाही वाढला, वजाबाकी तिथल्या तिथे. आणि ६ डीबी वाढवायचे म्हणजे अॅम्प्लिफायरला चौपट ताकद लावावी लागते, १० डीबीला दहापट. खर्ज मिळणार नाही, स्पीकर मात्र हाशहुश करेल. फिल्टर फुगवटा कापायला वापर. ८० चा ढीग खुशाल काप. खड्ड्यासाठी स्पीकर हलव, नाहीतर बसायची जागा हलव.

माइक मात्र जरूर आणा. मोजायला, उपचाराला नाही.

कराडकर_बेसवाला | गुरुवार, दुपारी १:००

मग सबचं काय, काका? मला का वाळीत टाकलंय?

व्हीयूमीटर_काका | गुरुवार, दुपारी १:२०

नाही टाकलं. ८० ला फिल्टर लावून त्याखालचं सगळं सबकडे दिलं आणि सब भिंतीला चिकटवून ठेवला, तर हा ७० चा खड्डा टळतो, तुझं म्हणणं चुकीचं नाही. पण १४ बाय १० मध्ये सब जुळवणं, त्याचा फेज, त्याची जागा, यात महिना जातो. स्पीकर ढकलायला दहा मिनिटं लागतात. आधी दहा मिनिटांचं करू.

भडंगप्रेमी | गुरुवार, दुपारी १:३५

रॉकवूल महाग पडत असेल तर मार्केट यार्डात हळदीची पोती आहेत. चार कोपऱ्यांत रचा.

मिरजेची_जवारी | गुरुवार, दुपारी १:५०

पोती आवाज पितील की नाही माहीत नाही, गायक मात्र शिंकतील.

कराडकर_बेसवाला | गुरुवार, रात्री ९:१५

धागा पळवतोय, माफी. लेव्हलचा विषय निघालाच आहे म्हणून. माझ्या ५ इंची मॉनिटरच्या मागे +४ आणि -१० असं बटण आहे. मी -१० वर ठेवलंय कारण आवाज मोठा येतो. पण इंटरफेसचा (कॉम्प्युटर आणि मॉनिटरमधल्या डब्याचा) नॉब ९ वाजल्याच्या जागेच्या खालीच ठेवावा लागतो, आणि तिथे डावा-उजवा एकसारखा राहत नाही. शिवाय गाणं थांबलं की सू-सू.

व्हीयूमीटर_काका | गुरुवार, रात्री ९:५०

+४ डीबीयू म्हणजे १.२२८ व्होल्ट, व्यावसायिक यंत्रांची नेहमीची पातळी. आमच्या वेळी व्हीयू मीटरचा काटा शून्यावर म्हणजे तारेत एवढे व्होल्ट, असं बसवून ठेवलेलं असायचं. -१० डीबीव्ही म्हणजे ०.३१६ व्होल्ट, घरगुती डेक वगैरेंची. दोन्हींत जवळपास १२ डीबीचा फरक.

-१० वर ठेवलं की मॉनिटर थोड्याशाच आवाजाने भरतो. मग तुला इंटरफेसचा नॉब तळाला न्यावा लागतो, आणि स्वस्त नॉबच्या तळाशी दोन बाजूंत दोन-तीन डीबीचा फरक पडणं नेहमीचं. सू-सूसुद्धा १२ डीबीने जास्त वाढून येते. तुझ्या इंटरफेसला बॅलन्स्ड आउटपुट असेल तर +४ वर ने, तीन वळ्यांच्या पिनेची वायर वापर, आणि नॉब १२ ते २ वाजल्याच्या जागेत काम करेल अशी मॉनिटरची लेव्हल धर.

तंबोऱ्या, तुलाही हेच. उजवा नॉब कानाने पुढे केलास ते आधी मागे घे. दोन्ही मधल्या खटक्यावर. पिंक नॉइज (सगळे सूर मिसळलेला खळखळाट) -२० डीबीएफएसवर, म्हणजे फाईलच्या कमाल पातळीच्या २० डीबी खाली, एका वेळी एकच स्पीकर, आवाज मोजायचं मीटर सी-वेटिंगवर, स्लो. तुझ्या एवढ्या खोलीत एका स्पीकरला ७६ डीबी पुरे. सिनेमागृहाचे ८५ इथे लावलेस तर दोन तासांत कान थकतील. मोबाईलच्या अॅपचा आकडा खरा नसेल, पण डावा-उजवा तुलनेला चालतो. ७६ ला इंटरफेसच्या नॉबवर टेपचा तुकडा चिकटव. निवाडा तिथेच करायचा, रात्री हळू ऐकायचं ते फक्त शब्द पुढे येतात का ते बघायला.

कराडकर_बेसवाला | शुक्रवार, सकाळी ८:०५

+४ वर नेलं. सू-सू जवळजवळ गेली. दोन वर्षं उगाच वायर बदलत होतो.

गावभागचा_तंबोरा | पुढचा रविवार, रात्री ११:३०

मंडळी, केलं. उशीर झाला कारण रॉकवूलच्या चौकटी सुताराने दोनदा चुकवल्या.

आधी काकांची परीक्षा. ७० चा सूर लावला. खुर्ची मागे-पुढे केली, फारसा फरक नाही. उभा राहिलो तर किंचित वाढला. मग धाकट्या भावाने एक स्पीकर हळूहळू भिंतीकडे सरकवला आणि मी डोळे मिटून बसलो. फूटभर मागे गेल्यावर आवाज असा वर आला की भाऊ म्हणाला, "नॉबला हात लावलास ना?" नव्हता लावला.

मित्राचा मोजणीचा माइक आणला होता. जुन्या जागी ७० ला ११ डीबीचा खड्डा. नव्या जागी तिथे ३-४ डीबी कमी, तेवढंच. ते बहुधा छताचं देणं. ते राहणार, आता माहीत असल्यावर त्याचा त्रास होत नाही. १६० ला नवा खड्डा आहेच, पण पॅनलमुळे उथळ.

रूम कंट्रोलचं काका म्हणाले ते तिन्ही जागी लावून पाहिलं. ० वर ठेवलं तर १०० ते १५० फुगलेलं, म्हणजे सूज खरी होती. -४ वर खाली स्वच्छ झालं, पण बुवांचा आवाज छातीतून यायचा तो घशातून यायला लागला. ५०० पासूनच सगळं उतरतं ना. -२ वर ठेवलंय, आणि उरलेली सूज दोन कोपऱ्यांत जाड पॅनल लावून उतरवणार आहे. (भडंगप्रेमी, पोती नाहीत.) निम्मा फोम काढला, ट्रिम ० वर. दोन दिवस सगळं मंद वाटलं, आता +२ कर्कश वाटतो.

डावा-उजव्यात पावणेदोन डीबीचा फरक निघाला. उजवीकडे "कमी" यायचं ते डावीकडच्या कपाटामुळे, स्पीकरमुळे नाही. कपाट हलवलं.

मग बुवांचं भजन परत उघडलं. ७० वरचे ६ डीबी काढले, गायकाच्या माइकला ६० च्या खाली आणि तंबोऱ्याच्या माइकला ४० च्या खाली फिल्टर लावला. जवारीताई, तुम्ही म्हणाला होता तसंच, तंबोऱ्याला वेगळं काही लागलंच नाही. खर्ज मागे बसलाय आणि त्यावर गंधार ऐकू येतोय. आधी मला तो कधी ऐकूच आला नव्हता.

बुधवारी फाईल पाठवली. बुवांचा फोन नाही. दोन दिवस वाट पाहून मीच केला. गाडी सर्व्हिसिंगला दिली आहे.

भडंगप्रेमी | रविवार, रात्री ११:३६

मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, गाडीच.

मिरजेची_जवारी | सोमवार, सकाळी ९:००

गंधार ऐकू आला ना, मग फोनची वाट बघू नका. पण मूळ रेकॉर्डिंग एकदा इकडे पाठवा. जोडीतली (मधल्या दोन सारख्या तारांतली) एक तार किंचित उतरलेली असण्याची शक्यता आहे, आता ऐकू येईल.

गावभागचा_तंबोरा | सोमवार, रात्री १०:४५

ताई, ऐकलं. उतरलेली आहे. बाहेर गेलेली अकरा भजनं आहेत अशी, सगळ्यांत तोच तंबोरा आणि ७० वर तेच ६ डीबी. उद्यापासून एकेक उघडतो. ६ डीबी काढता येतील. तारेचं काय करू?